अठरा क्लिक

मी, हिरामण बबन अहिरे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शर्यतीच्या गाड्यांचे शॉकअप निवडणे व जुळवणे, राहणार विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, उल्हासनगर ४, हा कागद स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीत दोन स्टेंट आहेत, पण त्यांचा डोक्याशी संबंध नाही, असे डॉ. नेत्रा सावंत यांनी लेखी दिले असून तो दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी पेढेही चारलेले नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

घर व गाळा यांची वाटणी घरात बसून तोंडीही झाली असती. आमच्याकडे भांडणारे कोणी नाही. हा कागद करण्याचे खरे कारण कलम सहा आहे. माझ्या एका वाक्यामुळे एका चांगल्या कारागिराचे नाव खराब झाले, ते मला स्वच्छ करून जायचे आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिकडे जावे.

कलम १. राहता फ्लॅट माझी पत्नी यशोधरा हिचा. तिच्या हयातीत तो विकण्याचा विषय कोणी काढू नये. बाल्कनीत जुन्या शॉकअपच्या दोन पेट्या आहेत, त्या भंगारात द्याव्यात, असे ती बावीस वर्षे सांगत आहे. आता द्याव्यात. माझ्यामागे दिवस घालू नयेत, पिंडाचा प्रश्नच नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात त्रिशरण-पंचशील पुरते.

कलम २. बँकेत व पोस्टात जे असेल ते मुलगा सम्यक याचे. सम्यकचे म्हणणे असे की मोटारींच्या शर्यती हा पैसेवाल्यांच्या पोरांचा खेळ आहे आणि बाबांनी त्यात आयुष्य घातले. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. फक्त त्याच खेळावर त्याची इंजिनिअरिंगची फी भरली गेली, एवढे त्याने लक्षात ठेवावे.

कलम ३. अंबरनाथ एमआयडीसीतला गाळा, लेथ, स्प्रिंग तपासण्याचा प्रेस, नायट्रोजनची टाकी आणि सगळी हत्यारे मुलगी अस्मिता हिची. ती नऊ वर्षे माझ्याबरोबर काम करते आहे आणि गेली चार वर्षे माझ्यापेक्षा बरे करते. हे मी तिला तोंडावर सांगितलेले नाही. सांगितले असते तर तिने पगार वाढवून मागितला असता.

कलम ४. माझ्या एकतीस वह्याही अस्मिताच्याच. त्यात प्रत्येक गाडी, प्रत्येक ट्रॅक, त्या दिवसाचे ऊन आणि ड्रायव्हरची तक्रार लिहिलेली आहे. वह्या वाचायला वेळ लागेल म्हणून मुख्य गोष्टी इथे लिहितो.

गिऱ्हाईक आल्याबरोबर विचारते, सगळ्यात भारी शॉकअप कुठला. त्याला चहा द्यावा आणि आपण विचारावे, गाडीचे वजन किती, स्प्रिंग कुठली, ट्रॅक कुठला, टायर कुठले. गाडीचा भार स्प्रिंग पेलते. शॉकअपचे काम त्या स्प्रिंगला आवरायचे, तिने उड्या मारू नयेत एवढेच. स्प्रिंग चुकीची असेल तर लाखाचा शॉकअपही नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घट्ट-मऊ करायचे चार नॉब असलेला शॉकअप घेऊन एकही नॉब न कळणाऱ्यापेक्षा एका नॉबचा नीट समजलेला बरा.

जुळवताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते देवालाही सांगता येत नाही, आणि आम्ही देव मानत नाही. शॉकअपने दाबला जाताना किती अडवायचे ते आधी ठरवावे, परत उघडताना, म्हणजे लांब होताना, किती अडवायचे ते नंतर. उघडताना जास्त अडवले तर खड्ड्यावरून गेलेले चाक वेळेत खाली येत नाही आणि गाडी रस्ता सोडते. ड्रायव्हर म्हणाला की गाडी नाचते, तर कुठे नाचते ते विचारावे, वळणात शिरताना, वळणात, की बाहेर पडताना. सांगता आले नाही तर त्याला पुन्हा तीन फेऱ्या मारायला पाठवावे. तेल गरम झाले की सगळे आकडे बदलतात, म्हणून थंड गाडीवर कोणाची स्तुती ऐकू नये.

कलम ५. एका संघाच्या मालकाने ट्रॅकवर, भर पिटमध्ये, माझे काम हातात घेऊन 'ये तो उल्हासनगर का माल है', म्हणजे नकली, असे म्हटले होते. त्याच हंगामात त्याच मालावर त्याची गाडी दोनदा पहिली आली. हा उंटावरचा शहाणा माझ्या मयताला आल्यास त्याला खुर्ची द्यावी, बोलायला देऊ नये. कॅम्प तीनमधले, शॉकअपचे तेल अडवणारी रबरी सील विकणारे सिंधी शेठ मात्र कोणती सील किती दिवस टिकेल ते मला नेहमी खरे सांगत. 'साईं, ही तीन महिने, ही वर्षभर, पुढं तुमचं नशीब.' त्यांना माझा नमस्कार कळवावा.

कलम ६. रघुनाथ काथोड शेलार, राहणार बदलापूर, मूळ गाव बारवी धरणाच्या बाजूला, हा आणि मी एकाच कारखान्यात शॉकअपच्या लाइनवर होतो. मी नोकरी सोडून गाळा घेतला तेव्हा तोही माझ्याबरोबर आला. एकोणीस वर्षे आम्ही एकत्र काम केले. मी आकडे ठरवायचो, रघू ते गाडीवर लावायचा.

शॉकअपच्या नॉबला क्लिक असतात. आमच्या शॉकअपना चोवीस होते. नॉब पूर्ण उघडा करायचा, मऊ टोकाला आणायचा आणि तिथून क्लिक मोजत घट्ट करत जायचे, ही आमच्या गाळ्याची पद्धत. ती मीच रघूला शिकवली. ती त्याच्या बोटांत बसली होती, डोळे मिटून मोजायचा.

ऑगस्ट २०११ मध्ये आमच्या एका संघाचा ड्रायव्हर, बदलापूरचा सुजित, याने परदेशातून नवे शॉकअप मागवले. सुजित तेव्हा चोवीस वर्षांचा, घरची शेतजमीन विकलेली, हात मात्र खरोखर चांगला. त्यांनाही क्लिक चोवीसच, पण बरोबर आलेल्या पुस्तिकेत ते उलटे मोजायला सांगितले होते, नॉब पूर्ण बंद करून, घट्ट टोकापासून. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर सकाळी मी पुस्तिका वाचली, तिच्या हिशेबाने रघूसाठी चिठ्ठीवर लिहिले, 'मागे, उघडताना १८', म्हणजे मागच्या शॉकअपला लांब होताना अडवणाऱ्या नॉबचे अठरा क्लिक, आणि पुस्तिका खिशात ठेवली. पाऊस भुरभुरत होता म्हणून मला मागची बाजू मऊ हवी होती. बंदपासून अठरा म्हणजे मऊ. रघूने नेहमीप्रमाणे उघड्या टोकापासून अठरा मोजले. ते झाले जवळजवळ घट्ट. दुसऱ्याच फेरीत वेगाच्या वळणावर गाडीच्या मागच्या चाकांची पकड सुटली आणि गाडी टायरच्या भिंतीवर गेली. सुजितचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. तो जगला, पण पुन्हा शर्यतीत बसला नाही.

संध्याकाळी संघाची माणसे, सुजितचे वडील आणि आम्ही दोघे उभे होतो. कोणीतरी विचारले, हे कसे झाले. मी म्हणालो, 'नवे शॉकअप बंदपासून मोजायचे, हे मी रघूला सांगितलं होतं.'

रघू माझ्याकडे बघून म्हणाला, 'नाय दादा. तुमी नाय सांगितलं.'

मी त्याला सांगितले नव्हते. पुस्तिका माझ्या खिशात होती आणि सांगायचे माझ्या डोक्यातून निघून गेले होते. तेव्हा माझ्याकडे तीन संघांचे काम होते. मी घाबरलो. रघूच्या त्या एका वाक्यानंतर मी पुन्हा, मोठ्या आवाजात, सांगितले होते असेच म्हणालो. लोकांनी उस्तादावर विश्वास ठेवला.

महिन्याभरात रघू गाळा सोडून गेला. कुठल्याही संघाने त्याला पान्याला हात लावू दिला नाही. बदलापुरात सुजितच्या घरचे आणि त्यांच्या ओळखीचे लोक त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, यानेच पोराचा पाय घालवला. त्याने बारवी रोडला स्कूटर-मोटरसायकलचे गॅरेज टाकले. बाजारात त्याची बायको वेणूबाई यशोधराला दिसली की तोंड फिरवून जाते. यशोधराला त्याचे कारण आजवर माहीत नव्हते. आता कळेल.

दर पौर्णिमेला विहारात मी पंचशील म्हणतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे. साडेतेरा वर्षे मी ते सर्वांबरोबर म्हणतो आणि तिथे माझा आवाज खाली जातो. खाई त्याला खवखवे, हे खरे आहे. मला या गोष्टीची लाज वाटते. रघूची चूक नव्हती. चूक माझी होती आणि खोटेही मीच बोललो.

कलम ७. गाळ्यातले शॉकअप तपासण्याचे मोठे मशीन, ज्याला आम्ही डायनो म्हणतो, ते रघुनाथ काथोड शेलार यास द्यावे. शॉकअप त्यात लावला की तो वरखाली होतो आणि कुठे किती अडवतो त्याची रेघ पडद्यावर उमटते. ते मशीन बसवताना रघूने आठ दिवस माझ्याबरोबर जमीन खोदली होती.

कलम ८. वरील सात कलमे लिहून मी कागद अस्मिताला वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला. मला वाटले रडेल. ती म्हणाली, 'बाबा, हे वरातीमागून घोडं आहे. तुम्ही गेल्यावर रघुकाकांनी हा कागद घेऊन कुणाकुणाच्या दारात जायचं? तुम्ही जिवंत आहात तर तुम्ही जा ना.' नंतर तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

चौथ्या दिवशी मी रिक्षा करून बदलापूरला गेलो. रघू स्कूटरचा पुढचा शॉकअप खोलून बसला होता. त्याने मला स्टूल दिले, पाणी दिले आणि काम चालू ठेवले. मी कलम सहा वाचून दाखवले. त्याने हात पुसले, कागद घेतला आणि स्वतः वाचला. मग विचारले, हे सुजितला दाखवले का. मी नाही म्हणालो. त्याने गॅरेजचे शटर अर्धे ओढले आणि मला स्कूटरवर मागे बसवून सुजितच्या घरी नेले.

सुजित आता प्लॉटिंगचा धंदा करतो. चालताना उजवा पाय ओढतो. त्याने उभ्यानेच वाचले. मी जोडलेल्या हातांकडे त्याने पाहिले नाही. रघूला म्हणाला, 'काका, समोरून जाताना मी कधी तुमच्याकडं बघितलं पण नाही.' मग रघूला घरात बोलावले. मी फाटकाजवळ थांबलो. मला आत बोलावावे अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि बोलावले नाही. अर्ध्या तासाने रघू बाहेर आला.

परत येताना मी त्याला कलम सातबद्दल सांगितले. तो म्हणाला, 'मशीन मना नको. कागदावर साक्षीला कोन हाय?'

मी म्हणालो, एक डॉक्टर, दुसरे अजून ठरायचे आहे. तो म्हणाला, मी करतो. मी त्याला सांगितले की या कागदासाठी ज्यांचा सल्ला घेतला त्या अ‍ॅडव्होकेट तेजल यांनी बजावले आहे, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, उगाच वाद होतो. मशीन हवे तर साक्ष नको, साक्ष हवी तर मशीन नको.

रघूने स्कूटर बाजूला घेतली. 'मशीन घेतलं तर लोक बोलतील, म्हाताऱ्यानं मशीन देऊन गप बसवला. मना सही पायजे, दादा. तुमच्या सहीच्या खाली.'

मी त्याला खूप समजावले. मशीन चालू आहे, किमती आहे, त्याच्या गॅरेजला उपयोगी पडेल. तो ऐकून घेत होता, पण त्याने मत बदलले नाही.

सबब कलम सात रद्द समजावे. डायनोही अस्मिताचा. रघुनाथ शेलार कधीही काही तपासायला घेऊन आला तर तिने हातातले काम थांबवून मशीन चालू करावे. ही देणगी नसून शेजारधर्म आहे, असे लिहिण्यास तेजल मॅडमनी कपाळाला आठ्या घालून परवानगी दिली. रद्द कलम पुसून नवा कागद टाइप करू, असेही त्या म्हणाल्या. मी नको म्हणालो. खाडाखोड राहू द्यावी.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अस्मिताने करावी. कलम सहाच्या प्रती माझ्या मरणाची वाट न पाहता आजच्या तारखेलाच माझ्या ओळखीच्या सर्व संघांना, पोस्टाने, माझ्या सहीनिशी जात आहेत. पत्ते वह्यांत होते. काही संघ बंद पडले आहेत, ती पाकिटे परत येतील. आली तरी फाडू नयेत.

इतके लिहून, स्वतः वाचून, मोजून नऊ कलमे बरोबर असल्याची खात्री करून, सर्वांसमोर सही करतो.

ठिकाण : उल्हासनगर
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२५

(सही) हिरामण बबन अहिरे

साक्षीदार १ : (सही) डॉ. नेत्रा सावंत, विठ्ठलवाडी. सही करणारे पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : (सही) रघुनाथ काथोड शेलार, बदलापूर. दादांनी माझ्यासमोर सही केली. कलम सहामध्ये लिहिलं ते खरं आहे. तेव्हा मी तिथं होतो.