चंद्रीच्या डोक्यावरचा लाल गोळा

मु. बेळगुंदी

चि. अबोलीस आप्पाचे पोटभर आशीर्वाद. (थोरल्या आईचे आशीर्वाद यात धरू नयेत. ते ती स्वतः कळवणार आहे, माझ्या पत्रात फुकट घालू देत नाही.)

दिवाळीला तुझे पुस्तक पोचले आणि त्याची पोच आत्ता देतो आहे, म्हणून आधी माफी मागतो. रोज लिहायला बसत होतो. पहिले पत्र फार लांबले, दुसरे सोसायटीच्या नोटिशीसारखे कोरडे झाले, आणि तिसरे लिहिताना पाचवीपर्यंतचे शिक्षण मधेच संपले. तुझी मान कशी आहे? चित्रे काढताना वाकून बसू नकोस, मान गेली की माणसाला आभाळ दिसत नाही. जेवण वेळेवर करतेस ना? इकडे माझा डावा गुडघा जिना बघूनच दुखायला लागतो. बाकी सर्व खुशाल, असे लिहायची पद्धत आहे, पण खुशाल नाही म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. फोनवर सांगितले असते, पण मी फोनवर बोललेले मारुतीरावाच्या मळ्यापर्यंत ऐकू जाते, आणि ही गोष्ट गावात फुटायला नको.

तर झाले असे. आपल्या गावच्या मराठी शाळेत यंदा विद्युल्लता बाई म्हणून नवीन शिक्षिका आल्या आहेत. बेळगावात टिळकवाडीहून रोज स्कूटरवर येतात. (रस्ता किती वाईट आहे ते मी त्यांना रोज सांगतो, त्या रोज 'हो आजोबा' म्हणतात आणि तशाच वेगाने जातात.) त्यांनी तिसरीच्या वर्गाला महिनाभर एकच अभ्यास दिला, तो म्हणजे तुझा. होय, तुझाच. तुझी पुस्तके वाचायची, त्यातली चित्रे बारकाईने बघायची, तू रंग कसे लावतेस, झाडे वाकडी का काढतेस यावर चर्चा करायची, मग तुझ्यासारखी चित्रे काढायची आणि शेवटी तुला पत्रे लिहायची. आमच्या वेळी अभ्यास म्हणजे मेलेल्या राजांचा. जिवंत माणसाचा, त्यातही आपल्या परसात चिखल खाऊन वाढलेल्या नातीचा अभ्यास होतो, हे ऐकून मला रात्री जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट गेले.

जुनी पुस्तके बाईंकडे होती. पण आपली चंद्री पळून हरवली होती त्यावरचे 'चंद्री म्हैस फिरायला जाते' हे नवे, त्याची तू धाडलेली घरची प्रत तेवढी गावात होती. मी ती मोठ्या दिमाखाने नेऊन दिली. इथेच घोटाळा झाला. पुस्तक आले त्या दिवशी थोरल्या आईने पदराला हात पुसून ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश बघितले. चंद्री दिसली, मी दिसलो, आपले कुत्रे दिसले, चंद्रीने खाल्लेला रताळ्याचा वेल आणि काठी घेऊन धावणारा मारुतीराव दिसला. (मारुतीराव ते पान बेळगावच्या बाजारात सुद्धा दाखवून आला. वेल बघा म्हणतो, चित्रात पण माझाच वेल तजेलदार.) सगळे बघून ती 'बरं झालंय' एवढेच म्हणाली आणि मुखपृष्ठावर हळदकुंकवाचे बोट लावून पुस्तक देव्हाऱ्यात ठेवले. मी समजलो, पूजा केली. पण शाळेत न्यायच्या दिवशी माझ्या मनाने घेतले की टिळकवाडीच्या बाई हसतील, म्हणून ओल्या फडक्याने पुसायला गेलो. तुझ्या पुस्तकाचा कागद खरखरीत. कुंकू निघाले तर नाहीच, उलट चंद्रीच्या शिंगांच्या वर करड्या आभाळात एक लाल गोळा आणि त्याच्याभोवती पिवळसर तांबूस गोल असे छान पसरले. वाळल्यावर वाटले, कुणाच्या ध्यानात येते?

ध्यानात सगळ्यांच्याच आले. पुस्तकातला माणूस म्हणून मला एक दिवस वर्गात बोलावले होते. मी इस्त्रीची टोपी घालून खुर्चीवर बसलो. पोरे आळीपाळीने पुस्तकातले नाक आणि माझे नाक ताडून बघत होती. (नाक तू जरा सढळ हाताने काढले आहेस. तक्रार नाही, नुसते कळवतो.) साईराज नावाच्या पोराने विचारले, चंद्री सापडली तेव्हा तुम्ही खरंच रडला होता काय? मी सांगितले, डोळ्यात कोंडा गेला होता. तो म्हणाला, चित्रात तर वारा न्हाय. असा बारीक अभ्यास चालला आहे तुझा.

मग बाईंनी पुस्तक उंच धरले आणि विचारले, चित्रकर्तीने सगळे आभाळ करडे ठेवून हा एकच लाल गोळा इथे का काढला असेल? मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दसऱ्याला बाई सुद्धा पाटीपुस्तकाला कुंकू लावत असतील, पण ओल्या फडक्याने पुसलेले कुंकू कोण ओळखणार? एक म्हणाला सूर्य. एक म्हणाला बुंदीचा लाडू. बाई म्हणाल्या, त्याच्याभोवतीचे प्रकाशाचे वलय बघा, किती हलक्या हाताने केले आहे. (ते काम माझे. आतून बरे वाटले, खोटे कशाला सांगू?)

तेवढ्यात मागच्या रांगेतली रचना उभी राहिली. ही नंदगडची पोर, जूनपासून इथे मावशीकडे राहते. आल्यापासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला सुद्धा नुसता हात वर करायची. ती म्हणाली, "सूर्य न्हाय त्यो. घरातलं कोणतरी दिवा घेऊन हुबं ऱ्हायलंय. चंद्रीला परत यायाची वाट दिसाय पाहिजे म्हणून."

बाईंनी चष्मा काढून पुसला. अबोली, मी तिथे उठून 'पोरी, ते कुंकू आहे' असे सांगायला पाहिजे होते का? मला ते जमले नाही. मी टोपी सारखी केली आणि बसून राहिलो.

तेव्हापासून रचना बोलते. इतकी बोलते की परवा बाईंनी तिला गप्प बस म्हणून दोनदा सांगितले. आणि वर्गातल्या एकूण एक पोराने तुझ्यासारखे चित्र काढताना आभाळात तो गोळा काढला आहे. म्हशीवर, एस.टी.वर, राजहंसगडावर, कुणाच्या तरी आजीच्या अंबाड्यावर. भिंत भरली आहे. तालुक्याचे साहेब तपासणीला आले, ते भिंत बघून 'छलो, छलो' म्हणत मान डोलावून गेले. आपल्या घरातल्या पोरीला कन्नड साहेबाने छान म्हटले, म्हणून मी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेलो. ड्रायव्हरला वाटले मला सोडायचे आहे, त्याने मागचे दार उघडले.

आता खरी धास्ती. येत्या सोमवारी पोरांची पत्रे तुला निघतील. प्रत्येकात तोच प्रश्न असेल. तू स्वभावाने सरळ, लिहून टाकशील की असा काही गोळा मी काढलेलाच नाही. मग सगळी पोरे रचनाकडे वळून बघतील, आणि ती पुन्हा नुसता हात वर करायला लागेल. मी तुला खोटे लिही म्हणत नाही. पण खरे जरा बेताने लिही. तू एवढ्या गोष्टी रचतेस, एवढे तुला जमेल.

तुझा,
आप्पा

ता. क. मुख्य काम राहिलेच. बक्षीस म्हणून द्यायला बाईंनी पुण्याहून तुझ्या या पुस्तकाच्या आणखी पाच प्रती मागवल्या आहेत. त्यांच्या आभाळात काही असणार नाही. तेव्हा प्रकाशकांना सांगून पार्सल शाळेच्या नव्हे, आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवायची व्यवस्था कर. थोरल्या आईचे बोट आणि माझे फडके तयार आहेत.

आणखी ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र थोरल्या आईला वाचून दाखवले. रचना काय म्हणाली ते तिने परत वाचायला लावले, मग आणखी एकदा. त्या पोरीसाठी रताळ्याच्या घाऱ्या करायला रताळी पण उकडत ठेवली. पण वर जे पूजेचे लिहिले आहे ते चुकले म्हणते. मी विचारले, मग कुंकू कशाला लावलेस? तर म्हणाली, "पूजा कसली आलीया? म्हस, कुत्रं, तुमी, त्यो मारुतीराव, समदी आत जाऊन बसल्याली. वर जागा मोकळी दिसली, तितं मी ऱ्हायले."

म्हणजे रचनाचेच खरे निघाले, तेव्हा बेताने लिहायची गरज उरली नाही, पोरांना खरे तेच कळव. फक्त त्या पाच प्रतींवर पण तिथेच राहिले तर चालेल का, असे ती विचारते आहे. याचे उत्तर तू लवकर दे. फोन केलास तरी चालेल, पण तो तिच्या हातात द्यायला सांग.