आठवण कोणत्या बसने येते?

प्रिय पोपटा,

ठक्-ठक्, ठक्. ठक्-ठक्, ठक्. शाळेत कवितेच्या तासाला बाई लाकडी डस्टरने टेबलावर ताल धरायच्या, तो आवाज सकाळपासून कानात आहे. खाली कुणीतरी वाकलेलं शटर ठोकून सरळ करत होतं, आणि मी खिडकीतून थेट आपल्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो. बाई चाल लावायच्या, आपण माना डोलवत म्हणायचो, आणि अर्थ कळायच्या आधीच कविता अंगात भिनायची. मग घंटा व्हायची आणि इंग्रजीचे मास्तर यायचे. तोच डस्टर, तेच टेबल, पण आता ताल नाही, नुसते दणके. के-एन-आय-एफ-ई, नाइफ! यातला ‘के’ मुका, असं मास्तर म्हणाले की मागचा बाक खुसखुसायचा. ‘कुणाचा मुका, सर?’ हे विचारायची छाती फक्त तुझी. छड्या मात्र दोघांना. त्या वयातही मला त्या भाषेची कीव आली होती. अक्षरांना घरात घ्यायचं आणि तोंड उघडू द्यायचं नाही, अशी भाषा गाणार काय? तुला असले प्रश्न कधी पडले नाहीत. तू न कळता धडेच्या धडे घडाघडा म्हणायचास. मास्तरांनी तुझं नाव पोपट ठेवलं आणि तुला तो बहुमान वाटला, यातच सगळं आलं.

तुझं निमंत्रण मिळालं. जाड कागद, सोनेरी कड, आणि आपल्या भाषेचा एक शब्द औषधालाही नाही. कॉलेजात आपल्याला इंग्रजी शिकवणाऱ्या चिमट्याला पंच्याऐंशी पूर्ण होतायत, जुने विद्यार्थी जमणार, शाल-बिल पांघरणार. पांघरा. पण कोपऱ्यात तू पेनने लिहिलंयस, ‘बसचा किस्सा तूच सांग. इंग्रजीत सांग म्हणजे लोक लोळतील!’ पोपटा, वय झालं की माणसाला अक्कल येते म्हणतात, ते तुझ्या बाबतीत कुणी तपासलेलं दिसत नाही.

आपण कॉलेजात गेलो तेव्हा चिमटा नुकता शिकवायला लागला होता, आपल्याहून दहाएक वर्षांनी मोठा, पण चाल अशी की जणू शब्दकोश यानेच लिहिलाय. पोरांच्या वहीतलं चुकलेलं वाक्य मेलेल्या झुरळासारखं उचलायचा आणि वर्गाला दाखवायचा, म्हणून चिमटा. त्याच्या वर्गातले पहिले महिने मी कसे काढले, ते तुला सांगितलं नाही. तू काविळीने वर्षभर घरी होतास. तो विनोद करायचा, सगळे हसायचे, आणि मी शेजाऱ्याकडे बघून हसेपर्यंत वर्ग गंभीर झालेला असायचा. कँटीनमध्ये चहा मागायचं वाक्य रांगेत उभ्या उभ्या मनात जुळवायचो. क्रियापद सापडेपर्यंत मागचा पोरगा मला ओलांडून चहा घेऊन जायचा. आणि ती कॉन्व्हेंटमधून आलेली मंडळी! डोक्यात विचार एक नाही, पण जो नाही तोही इंग्रजीत.

एकदा त्याने वर्गात पत्र लिहायला दिलं, दूरच्या माणसाला. मी बापडा मन लावून लिहीत बसलो. ‘युवर मेमरी कम्स टू मी एव्हरी इव्हनिंग.’ तुझी आठवण मला रोज संध्याकाळी येते. चिमट्याने ते वाक्य उचललं, सावकाश वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, ‘कम्स? बाय विच बस?’ वर्गात हशा पिकला. बाकं बडवली पोरांनी. या वेळी मात्र मला विनोद लगेच कळला. मग त्याने फळ्यावर लिहिलं, ‘आय मिस यू’, आणि खाली रेघ मारली.

त्या रात्री कोश उघडला. मिस म्हणजे चुकणे, हुकणे. नेम हुकतो, संधी हुकते, बस चुकते. म्हणजे बघ, आपल्याकडे माणूस गेला तरी त्याची आठवण आपल्या पायांनी चालत येते, दारात उभी राहते. त्यांच्याकडे माणूस नुसता चुकतो, बस चुकावी तसा. आणि बस कुठली म्हणून विचारणारा हा! हे उत्तर मला तेव्हाच सुचायला हवं होतं, पण मला ते इंग्रजीत सांगता आलं नसतं, आणि आपल्या भाषेत त्याला ऐकू येत नव्हतं. पुढे मी चिक्कार इंग्रजी शिकलो. कचेरीत साहेबलोकांचे मसुदे मी सुधारायचो. सगळी बिनचूक वाक्यं, आणि त्यातल्या एकाही वाक्यात मी नव्हतो.

दुसऱ्या वर्षी तू आलास. तोवर माझं नाव ‘बस’ पडलं होतं. तू पहिल्याच दिवशी ते उचललंस, चिमट्याचा लाडका झालास, आणि माझ्या लग्नात, माझ्या निवृत्तीला, माझ्या मुलीच्या सासरच्यांपुढे तोच किस्सा हातवारे करून सांगितलास. मीही हसत आलो, आता अगदी वेळेवर. पण ते पत्र कुणाला लिहिलं होतं, हे तू आजवर विचारलं नाहीस. गाढवा, वर्षभर अंथरुणाला खिळलेला माझा दूरचा माणूस दुसरा कोण होता? ते पत्र तुला होतं. एवढंच सांगायला लिहायला बसलो. किस्सा मी सांगणार नाही, सत्काराला येणार नाही, आणि तूही तो परत सांगितलास तर…

थांब, दार वाजलं.

उघडून आलो. पोपटा, दारात चिमटा उभा आहे. एकटाच. अंगावरचा कोट दोन माणसं मावतील असा झालाय, आणि जिना चढून धाप लागलीय. तिरस्कार करायलाही समोरचा जरा धडधाकट लागतो. याने तेवढीही सोय ठेवली नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, आपल्या भाषेत, चक्क आपल्या भाषेत, ‘पोपटाने निमंत्रितांची यादी दाखवली. तुझं नाव वाचलं आणि तुझी आठवण आली.’ मग भिंतीला हात टेकून म्हणाला, ‘बसनेच आली. उभ्याने.’

आता उंबऱ्याशी वाकून बूट काढतोय, नाडीची गाठ सुटत नाहीये, तेवढ्यात हे खरडतोय. काय बोलू त्याच्याशी? आयुष्यभर या माणसासाठी एकेक धारदार इंग्रजी वाक्य घासून ठेवलं होतं, आणि तोंडाशी येतोय तो आपलाच साधा शब्द. आत येऊ दे त्याला, खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, ‘बसा.’

तुझाच,
बस