सगळ्यांचं एकच उत्तर

शुक्रवार, १९ जानेवारी १९७३

शाळा सुटताना मुलांना विचारायचं, आज काय चांगलं झालं? ही माझीच अक्कल. रोजच्या जगण्यात आनंद शोधा म्हणे. पंधरवडा झाला, सगळ्यांचं एकच उत्तर, "सुकडी मिळाली." दुष्काळ म्हणून दुपारी शाळेत वाटतात ती, गूळ-पिठाची. आज माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सुकडी सोडून बोला. मग तिसरीतली कौसा म्हणाली, "बाई, तुमीच सांगा की, तुमचं काय चांगलं झालं ते."

काय सांगणार? एसटी चुकली, तिसगावपासून पायपीट झाली, डबा घरीच राहिला. देवाच्या दयेबद्दल काहीतरी सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि आठवलं. दुपारी कौसानेच तिच्या वाटीतली मूठभर सुकडी माझ्या टेबलावर ठेवली होती. पोरांकडे पाठ करून खाल्ली मी.

"सुकडी," म्हणाले.

कुणी हसलंसुद्धा नाही. कौसाने मान डोलावली, गणित बरोबर आल्यासारखी.

मी रोज संध्याकाळी येशूचे आभार मानते, आईने शिकवलेल्या त्याच चार ओळींत. तो कधी म्हणाला नाही, दुसरं काही बोल.