सगळ्यात आधी दादाची सही

दादा,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी खालच्या शिंपीणकाकूंकडे राहायला जातेय. फोन करू नकोस.

आज सभेत मालकाच्या मॅनेजरने कागद वाचून दाखवला. वसाहत आपण सगळ्यांनी मिळून विकत घ्यायला लेखी विरोध करणारं एकच घर निघालं. आपलं! खाली तुझी सही, तिच्या त्या लांब शेपटीसकट. बदल्यात तुझ्या एकट्याचा भाडेपट्टा वाढवून मिळाला म्हणे. एक घर फुटलं तरी सगळं बारगळतं, हे तुला पक्कं माहीत होतं.

चूक तुझ्या या बहिणीचीच. दोन वर्षं दारोदार फिरले, प्रत्येकाचा संमतीचा फॉर्म दोनदा तपासला. यादीत आपल्या घरापुढे तेवढी न बघताच खूण केली. घरचाच तर होता! शिंपीणकाकू अकरा खेपांनी तयार झाल्या, त्याही "आमच्या दादाने सगळ्यात आधी सही केलीय" असं मी छातीठोकपणे सांगितलं म्हणून.

आता पुन्हा प्रत्येक दारी जाऊन खरं काय ते सांगायचंय. सुरुवात आपल्याच दारापासून केलीय. म्हणून ही चिठ्ठी नेहमीसारखी फ्रिजवर लावली नाही, दाराला बाहेरून चिकटवलीय.