कोठीच्या खोलीतले दोन प्रीअँप

मी, ठमाबाई नामदेव भोईर, राहणार आंबेपाडा, धसईजवळ, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे. वय आधारकार्डाप्रमाणे एक्क्याऐंशी. माझ्या आईच्या हिशेबाने, उंबरमाळीच्या डोंगरात वाघाने आमची गाय नेली त्या सालची. आज रोजी राजीखुशीने, कुणाच्या धाकात नसताना, हे मृत्युपत्र सांगते आहे. मला अक्षर येत नाही. लिहिणाऱ्या मुरबाडच्या वकीलबाई जया देसले. मी जास्त बोलले की त्या पेन थांबवून माझ्याकडे बघतात. तेही लिही म्हटलं, तर लिहिलं.

वकीलबाईंच्या मते हे सगळं चार कलमांत बसतं. मी दहा सांगणार. कोठीच्या खोलीत माईकसमोर बसून बोलते आहे आणि माझी नात दामिनी ते रेकॉर्ड करते आहे. दर कलमाआधी जया एक फोडलेला चिंचोका उडवते. दहा कशाला आणि चिंचोका कशाला, ते नवव्या कलमात कळेल.

कलम १. माझी बुद्धी शाबूत आहे. मुरबाडच्या डॉक्टरांनी दाखला दिला आहे, तो सोबत जोडावा. त्यांनी वार विचारला, मी सांगितला. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय हेही सांगितलं, कारण टिकटिक येत नव्हती. माझा मुलगा सुरेंद्र गावभर सांगतो की आयेला भ्रम झालाय. दिवाळीच्या पाडव्याला मी त्याच्या बाजूने हात वर केला, तेव्हा मी तालुक्यातली सगळ्यात शहाणी बाई होते. महिन्याभराने तो हात मागे घेतला आणि मला भ्रम झाला.

कलम २. शेत माझ्या नवऱ्याच्या मागे वाटून झालं, त्यावर मी बोलत नाही. घर ग्रामपंचायतीत माझ्या नावावर आहे. त्यातली ओटी, माजघर, चूल आणि परसू सुरेंद्रला द्यावं. कौलं चार जागी गळतात, तीही त्यालाच. शहापूरला त्याचा मांडव आणि साऊंडचा धंदा आहे. त्याने लग्नात आवाज लावला की नवरी माहेर सुटलं म्हणून रडते की कान दुखले म्हणून, ते तिच्या आईलाही कळत नाही. अशा माणसाला टपटप पाण्याचा त्रास होणार नाही.

कोठीची खोली यात धरलेली नाही. जया, याच्याखाली दोन रेघा ओढ.

कलम ३. गळ्यातली बोरमाळ माझी मुलगी कविता हरेश घुडे हिला. तिने मागितली नाही म्हणून. पाटल्या तिने मागितल्या होत्या, त्या माझ्या दवाखान्यात गेल्या. सून वर्षा हिला माझ्या कानातल्या कुड्या. पाडव्याला ती फोनमध्ये मालिका बघत होती आणि बाकीच्यांचे हात वर गेलेले बघून तिने हात वर केला. कुड्या घातल्यावर आपल्याला कान आहेत याची तिला आठवण राहील.

कलम ४. भाजीची पाटी, विळा आणि खुरपं कविताला. तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन धसईचा बाजार केला, त्यातून दोन पोरं वाढली. एक बरं निघालं. भिंत घोटायचा गुळगुळीत दगड दामिनीला.

या दगडाचं सांगते. ही कोठीची खोली मी बांधली. नवरा म्हणाला, गवंडी बोलावू. गवंडी आला, चहा प्यायला आणि गेला. मग मी आणि माझ्या नणंदेने माती कालवली, पेंढा तुडवला, हातभर जाड भिंती उभ्या केल्या आणि याच दगडाने घोटल्या. तेव्हा सुरेंद्र पोटात होता. या खोलीवर त्याचा राग तेव्हापासूनचा असावा.

कलम ५. आता भांडणाचं. दामिनी कविताची मुलगी. मुरबाडला कॉलेजात शिकताना माझ्याकडे राहायला आली ती राहिलीच. ती गिटार वाजवते. मुंबई-पुण्याचे गाणं करणारे लोक तिला फोनवर चाल पाठवतात. ती या खोलीत भाताच्या पोत्यांमध्ये बसून वाजवते, रेकॉर्ड करते आणि परत पाठवते. तिचं पोट यावर चालतं. ते लोक विचारतात, बाई, तुमचा स्टुडिओ कुठे आहे? ती सांगते, आजीकडे.

माईकमध्ये जाणारा आवाज मुंगीएवढा असतो. त्याला मोठा करणाऱ्या यंत्राला प्रीअँप म्हणतात. दामिनीचा प्रीअँप तिच्या कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यातच आहे, डबा हाताच्या पंजाएवढा. सुरेंद्रने शहापूरला काचेच्या दाराचा स्टुडिओ काढला आणि परदेशातून वेगळा प्रीअँप मागवला. लोखंडी, उखळीएवढा जड, पुढे दिवा. गिऱ्हाईक आलं नाही. तेव्हा त्याला भाचीची गिऱ्हाइकं दिसली. आणि भाची शहापूरला आली की ही खोली पाडून तिथे साऊंडचा टेम्पो उभा करता येईल, हेही दिसलं.

कलम ६. पाडव्याला तो लोखंडी डबा घेऊन आला. म्हणाला, "आये, मातीच्या खोलीत नि खेळण्यातल्या डब्यावर काय रेकॉर्डिंग व्हतंय? लोकं हसतात. आज सगळ्यांसमोर ऐक नि काय तो निकाल दे." मी म्हटलं, ज्याचा डबा चांगला त्याची खोली. पाच जणांसमोर शब्द दिला. वाटलं, माझ्या कानाला कोण फसवतोय.

दामिनीने वाजवलं. आधी तिच्या डब्यातून, मग त्याच्या. त्याच्या डब्यातून गिटार अंगावर आली, पाटीभर आली. दामिनी म्हणाली, "मामा, तुमी बटण वर ठेवलंय. दोनी सारखे करा ना."

"तू गप गो. डब्यात दम हाय म्हणून मोठा येतो."

दामिनी सोडून सगळ्यांनी त्याच्या डब्यासाठी हात वर केले. मीही केला. हे कलम मला सांगायचं नव्हतं, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं खरं वाटणार नाही. डब्यावर काय नाव लिहिलंय ते मला वाचता येत नाही. मला फसवायचं तर आवाजानेच फसवावं लागतं, आणि माझ्या पोटच्या पोराला तेवढं माहीत होतं.

दामिनीने गिटार पिशवीत घातली आणि भांडी घासायला गेली. सुरेंद्र लोखंडी डबा इथेच ठेवून गेला. आपली वस्तू ठेवली की जागा आपली, ही त्याची जुनी सवय. जाताना म्हणाला, "होळी झाली का खोली पाडू."

कलम ७. पुढच्या बाजाराला मी धसईला मडकं घ्यायला गेले. वाल्मिक कुंभाराकडून मी चाळीस वर्षं मडकी घेते. वाजवल्याशिवाय एक घेतलं नाही. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. एक मडकं बोटाच्या पेराने वाजवलं, दुसरं हातातल्या चांदीच्या वळ्याने, आणि म्हटलं, "वाल्मिक, पहिलं मुकं हाय."

तो म्हणाला, "काय गो काकी, एकाला बोटानं मारतेस नि दुसऱ्याला चांदीनं, वर माझ्या मडक्याला मुकं बोलतेस? सारखा हात मार नि मग बोल."

मी तिथेच बसले. लोकांना वाटलं चक्कर आली. त्याने पाणी दिलं. मडकं न घेताच घरी आले, त्याबद्दल तो अजून बोलतो.

कलम ८. घरी येऊन दामिनीला म्हटलं, ऊठ, दोन्ही डब्यांना सारखा हात मारायचाय. तिने फोनमधून एकसुरी शिट्टी दोन्ही डब्यांतून सोडली आणि पडद्यावरचा आकडा जुळेपर्यंत बटणं फिरवली. डबे दोन टोपल्यांखाली झाकले. माईक गिटारीपासून वीतभर, जिथे तिचा दांडा पोटाला मिळतो तिथे, आणि जागेवरून हलवायचा नाही. तीच चाल, तोच जोर. आठ दिवस आम्ही हेच केलं. ती वाजवायची, मी डोळे मिटून सांगायची हा की तो.

निकाल लिहून घे, जया. हळू वाजवलं तर मला फरक सांगता आला नाही. तारांवर जोराने हात मारला तर लोखंडी डब्यात आवाज किंचित जाड होतो, जशी पेज जरा आटावी. चांगला म्हणाल तर चांगला. पण माईक चार बोटं सरकवला की त्याहून दहापट फरक पडतो. आणि गिटार या खोलीतून ओटीवर नेली की दोन्ही डबे सारखेच रडतात, कारण ओटीवर सिमेंट आहे आणि आवाज भिंतीवर आपटून परत येतो. इथे तो माती पिऊन टाकते. म्हणजे चांगलं काय होतं, तर मी पोटुशी असताना तुडवलेला चिखल. तोच पाडून सुरेंद्र टेम्पो लावणार होता.

त्याला फोन करून सांगितलं. म्हणाला, "आये, तुला त्यातलं काय कळतंय?" आणि भ्रम सुरू झाला.

कलम ९. सबब, कोठीची खोली, तिच्या चार भिंती, पोत्यांची फळी आणि मागच्या दारासह, माझ्या पश्चात दामिनी हरेश घुडे हिला मिळावी. मुलीच्या मुलीचा या घरात काय संबंध, असं सुरेंद्र विचारील. पण इथे तिचं रोज गाणं होतं, आणि तो गणपतीलासुद्धा जेवून पळतो.

पण मी शब्द दिला होता: ज्याचा डबा चांगला त्याची खोली. मी शब्द मोडत नाही, नीट तपासायला लावते. या मृत्युपत्राची दहा कलमं मी एकाच माईकसमोर, एकाच जागी बसून सांगते आहे आणि दोन्ही डब्यांचा आवाज जुळवलेला आहे. दर कलमाआधी जया चिंचोका उडवते. पांढरी बाजू पडली तर दामिनीचा डबा, काळी पडली तर लोखंडी. कुठल्या कलमाला काय पडलं ते जया लिहून घेते आहे; शेवटी ते पाकिटात बंद होईल आणि त्यावर माझा अंगठा राहील.

मी गेल्यावर महिन्याच्या आत सुरेंद्रने या खोलीत बसून रेकॉर्डिंग ऐकावं. हवं तितक्या वेळा ऐकावं. मग साक्षीदारांसमोर सांगावं, कुठलं कलम कुठल्या डब्यातलं. दहापैकी नऊ बरोबर आली तर खोली त्याची, आणि दामिनीने एक शब्द न बोलता गिटार उचलावी. एक चूक माफ, कारण मी आई आहे. दोन-तीन कलमांतच ओळखायचं असतं तर नशिबानेही जमलं असतं, म्हणून दहा कलमं. आवाज वाढवायला सांगितला तर हरला. कोर्टात गेला तर हरला. आला नाही तर हरला, आणि लोखंडी डबा आठ दिवसांत उचलावा, नाहीतर त्यावर मिरच्या वाळत घालाव्या. सुरेंद्र ऐकत असताना दामिनीने खोलीबाहेर थांबावं. तिच्या तोंडावर सगळं दिसतं.

हे ठरवताना दामिनी म्हणाली, "आजे, त्यानी ओळखलं तर? माझं काम जाईल."

मी म्हटलं, "जाईल. मग त्याला कान हायेत असं मानायचं नि निघायचं. पाडव्याला तुझ्या बाजूनं खरं कोण बोललं होतं?"

"मीच."

"मग भितेस कशाला?"

तिने माईकची वायर जोडली. मग जयाला म्हणाली, "उडवा चिंचोका."

कलम १०. माझ्या मयताला साऊंड लावू नये. खांद्याला सुरेंद्र चालेल, स्पीकर चालणार नाही. तेराव्याला गोड करावं, वर्षाने करू नये. दामिनीने गिटार वाजवायची तर हळू वाजवावी, म्हणजे कुठल्या डब्याचा प्रश्न येणार नाही.

सुरेंद्र, आता तुला. लहानपणापासून माझं वाक्य संपायच्या आत तू उठलास. जेवताना उठलास, बाप गेला तेव्हा उठलास, मी फोनवर बोलत असताना ठेवलास. आता खोली हवी तर बसावं लागेल. एकदा ऐकून तुला ओळखता येणार नाही, पुन्हा पुन्हा लावावं लागेल. गळकी कौलं, वर्षाच्या कुड्या, वाल्मिकचं मडकं, सगळं परत परत ऐकशील. तू डबा शोधत बसशील. दोन्ही डब्यांत मीच आहे. नऊ ओळखलेस तर खोली घे, माझी हरकत नाही. नाही ओळखलेस, तरी तेवढा वेळ तू उठलेला नसशील.

आवाज वाढवू नको. मी बोलते आहे तेवढाच ठेव.

वरील मजकूर वकीलबाईंनी मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्यासारखा काढून वाचला, तो बरा होता. सगळं माझंच आहे, म्हणून अंगठा करते.

ठमाबाई नामदेव भोईर
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार, दोघांनी अंगठा समोर होताना पाहिला:
१. वाल्मिक गोजर कुंभार, धसई. यांना काही ठेवलेलं नाही. मडकं एक घ्यायचं राहिलं आहे, ते कविताने घ्यावं, वाजवून.
२. रेश्मा जानू विशे, आशाताई, आंबेपाडा.

लिहिणार: अ‍ॅड. जया देसले, मुरबाड. बंद पाकीट माझ्या ताब्यात आहे.

स्थळ: कोठीची खोली, आंबेपाडा
दिनांक: १४ डिसेंबर २०२५