शाळेमागचा चढ

ब्रादेत, १९ ऑगस्ट

प्रिय इलिंका,

तुझं पत्र येऊन आज बावीस दिवस झाले. रोज ऑफिसातून आलो की कागद घेऊन बसतो आणि भलत्याच कामाला लागतो. परवा तर तुला लिहायला म्हणून बसलो आणि स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून उठलो. रागावली असशील. रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी गावची खबर. बाजारचौक सगळा उकरलाय. साठ वर्षांची जुनी पाण्याची लाइन अखेर बदलतोय. नकाशात ती चर्चच्या उजवीकडून जाते, प्रत्यक्षात निघाली डावीकडून, फादर एमिलियानच्या टोमॅटोच्या वाफ्याखालून. फादर कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "सबिन, देवाच्या मनात असतं तर हा पाइप रस्त्याखालीच नसता का गेला?" मी म्हटलं, "फादर, यात देवाचा हात नाही, जुन्या ओव्हरसियरचा आहे. त्याच्या नावाने बोटं मोडा." चार ओळी टोमॅटो गेले, आणि फादर आता माझ्याशी फक्त प्रार्थनेपुरते बोलतात. आमचं नगरपालिकेचं रस्ते-पाण्याचं खातं तुला ठाऊकच आहे: चौदा माणसं, खोदायचं एक मशीन, ऑस्ट्रियातून जुन्या घेतलेल्या बर्फ काढायच्या दोन गाड्या, आणि नऊ हजार लोक. त्यातला प्रत्येक जण माझ्यापेक्षा बरा इंजिनिअर.

त्या सगळ्यांत वरचा नंबर तुझ्या आईचा होता. तुला ती आई, मला शाळेपासून 'बाई'. दर सोमवारी सकाळी नवाला पाच मिनिटं असताना बाईंचा फोन यायचा. ऑफिसात सगळे कामं सोडून ऐकायचे, कारण त्यांचा आवाज रिसीव्हरमधून अख्ख्या खोलीला पुरायचा. "सबिन, तुमच्या खात्याला भूगोल कळतो का रे? पाणी खालच्या अंगाला वाहतं, हे मी तुला पाचवीत शिकवलं होतं. मग चर्चच्या कोपऱ्यावरचं गटार वर का चढतंय?" मी म्हणायचो, "बाई, बघतो." "बघू नकोस, बघून बघून तुझे डोळे गेलेत. फावडं घे." आणि मग, फोन ठेवता ठेवता, एकदम आवाज खाली आणून, "जेवलास का काल? इलिंकाचा फोन आला होता. बरी आहे." तू इटलीत तोरिनोला गेल्यापासून सतरा वर्षं तुझी खुशाली मला अशी गटारांच्या आणि दिव्यांच्या पाठोपाठ कळत आली. तू माझ्यासाठी थांबली नाहीस, मी तुझ्यासाठी निघालो नाही. बाईंनी दोघांपैकी कुणालाही कधी बोल लावला नाही. एकदाच, प्लमची दारू गाळायच्या दिवसांत, माझ्या हातात ग्लास देत म्हणाल्या होत्या, "तुम्ही दोघंही हुशार होतात. तिथेच घोटाळा झाला."

आता फेब्रुवारीचं सांगतो. तुला फोनवर जे सांगितलं ते पुरतं खरं नव्हतं.

दोन दिवस बर्फ थांबला नव्हता. दोन गाड्यांपैकी एकीचा गिअरबॉक्स आदल्याच संध्याकाळी गेला होता. राहिली एक, आमचे ड्रायव्हर गाव्रिल चालवतात ती. अशा वेळी कुठला रस्ता आधी, ते भिंतीवर लिहिलेलं असतं: आधी दवाखाना, मग गाव ऊबदार ठेवणारं बॉयलरघर, मग बसचा रस्ता, आणि शेवटी चढाच्या गल्ल्या. तुमचा शाळेमागचा चढ चढांमध्ये पहिला होता. सव्वाआठला बाईंचा फोन आला. "सबिन, आमच्याकडे कधी येताय?" मी विचारलं, काही विशेष? "विशेष काही नाही रे. जरा दम लागतोय, आणि गोळ्या काल संपल्या. फार्मसीपर्यंत जायला वाट हवी." मी म्हटलं, "बाई, अकरापर्यंत गाडी वर येते. गोळ्या गाव्रिलच्याच हाती पाठवतो." म्हणाल्या, "अकरा म्हणजे तुमचे अकरा की घड्याळाचे?" आणि हसल्या. ते हसू मध्येच दमाने तुटलं. ते मी ऐकलं, इलिंका.

साडेदहाला गाव्रिल गोळ्या घेऊन चढाच्या पायथ्याशी पोचले, आणि त्याच वेळी नदीकाठच्या पंपघराची वीज गेली. तिथला जनरेटर सुरू होईना. मेकॅनिकला तिथवर न्यायचं तर पाच किलोमीटर रस्ता मोकळा करायला हवा. बाहेर उणे एकोणीस. तीन-चार तास पाणी थांबलं असतं तर पाइप गोठून फुटले असते, आणि दवाखान्यात त्या दिवशी सहा जण डायलिसिसवर होते; ती यंत्रं पाण्याशिवाय चालत नाहीत. मी वायरलेसवर म्हटलं, "गाव्रिल, मागे फिरा, पंपघराकडे." ते म्हणाले, "साहेब, बाईंच्या दारापर्यंत दहा मिनिटांचं काम आहे. घेऊ का वर?" मी म्हटलं, "नको. आधी पंप." त्यांनी गाडी वळवली.

एवढंच असतं तर मी ते तुला कधीच सांगितलं असतं. तो निर्णय आज परत घ्यायची वेळ आली तरी बहुधा तोच घेईन. ते सहाही जण आज गावात हिंडतायत, त्यातली एक तुझी वर्गमैत्रीण आहे. बाईंनीही पाचवीच्या वर्गात मला तेच उत्तर द्यायला लावलं असतं. जे सांगायचं आहे ते पुढचं आहे.

साडेअकराला माझ्या टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. नंबर बाईंचा होता. माझ्या एका कानाला वीज मंडळाचा माणूस होता, समोर मेकॅनिकची बायको, नवऱ्याला असल्या बर्फात का पाठवलंत म्हणून रडत उभी होती. पण खरं कारण ते नव्हतं. अकरा वाजून गेले होते, आणि आता त्या मला घड्याळ शिकवणार, या विचाराने मी उचलला नाही. नऊ वेळा वाजला. मी मोजत होतो. मग थांबला. मी फार्मसीतून दुसऱ्या गोळ्या देऊन कुणाला पायी पाठवू शकलो असतो. दोन तगडी माणसं स्टोअरमध्ये वाळू भरत होती. ते मला सुचलं ते दुपारी दोनला, पंप सुरू झाल्यावर.

मी स्वतः त्या दोघांबरोबर वर चढलो. कमरेएवढा बर्फ होता, पाऊण तास लागला. बाई दारातल्या बाकावर कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या. पायात बूट होते. निघायच्या तयारीत होत्या. तुला मी सांगितलं, झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. ते खोटं होतं. डॉक्टर म्हणाले, बारा-साडेबाराच्या सुमाराला गेल्या असाव्यात, आणि गोळ्यांनी फरक पडला असता की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर मी सुखाने झोपलो असतो, 'हो' म्हटलं असतं तर निदान रडता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी तू आलीस. कबरीपाशी, पाहुण्यांना श्राद्धाचे शिजवलेले गहू वाटत असताना तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तू होतास म्हणून मी तिथे निर्धास्त राहिले." गाव्रिल माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि दुसरीकडे बघितलं. आजतागायत त्या दहा मिनिटांविषयी ते चकार शब्द बोललेले नाहीत. दुसऱ्या फोनचं तर त्यांनाही माहीत नाही.

मार्चमध्ये मी नगरपालिकेच्या सभेत एक ठराव नेला. चढांवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी. बर्फाच्या दिवशी गाडीची वाट न बघता दोन माणसं पायी जाणार, औषध, सरपण, पाव घेऊन. एका सभासदाने विचारलं, "चाळीस वर्षं नव्हतं ते आताच का सुचलं?" मी म्हटलं, उशीर झाला खरा. ठराव पास झाला. यादीत एकोणसाठ नावं आहेत. सोमवारी सकाळी मी त्यातल्या सातआठ जणांना फोन करतो. बहुतेक जण मला रागावतात, आणि मला बरं वाटतं.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की तिथली नोकरी सोडून परत यावंसं वाटतंय, आईचं घर विकवत नाही, आणि माझ्या आयुष्यात तुला अजून जागा असेल का. पुढे लिहिलंस, "शेवटी आईपाशी तू होतास, म्हणून हे विचारायचा धीर झाला." जागेचं विचारशील तर उत्तर मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. हो. सतरा वर्षं तेच आहे. पण ते तू त्या एका वाक्याच्या भरवशावर घ्यावंस, हे मला सोसवेना. बाईंपाशी मी नव्हतो, इलिंका. फोन वाजत होता आणि मी मोजत होतो. हे वाचून तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही, तर गाव्रिलला कळव, घराची किल्ली ते तुला आणून देतील, मी समोर येणार नाही. आणि तरीही यावंसं वाटलं, तर कुठली गाडी ते लिही. मी स्टेशनवर असेन.

जसा आहे तसा, तुझाच,
सबिन