भूत दाखवावं की नाही

आई, आज कासूला जाऊन आले. सकाळच्या गाडीने गेले, दुपारच्या गाडीने रोह्याला परतले, स्टेशनवरून रिक्षा करून वरसे गावात घरी. उद्या पहिली शिफ्ट आहे. डब्याची तयारी व्हायची आहे, कपडे बादलीत भिजत पडलेत आणि मला खुर्चीतून उठवत नाही. ताप नाही, अंग दुखत नाही, तरी दमलेय. पूर्वी अशी दमले की मी तुझ्या बाजूला येऊन आडवी व्हायचे. तू काही न विचारता पाठीवरून हात फिरवायचीस, आणि कितीही धुतलास तरी त्या हाताला रंगाचा वास असायचा. तू गेलीस तेव्हाचं तुझं वय मी केव्हाच ओलांडलं. आता तू समोर आलीस तर धाकटी बहीण वाटशील. तरी लिहायला बसल्यावर पहिला शब्द ‘आई’च आला.

कासूला एक काका राहतात. नात्यातले नाहीत. एसटीत कंडक्टर होते, पेण-रोहा मार्गावर आयुष्य गेलं, आता निवृत्त आहेत. आमची ओळख सिनेमामुळे झाली, तीही भुतांच्या. आता फोनवर माणसांचे ग्रुप असतात, आई. समोरासमोर न बसता सगळी एकमेकांशी बोलतात. आमचा ग्रुप भयपट बघणाऱ्यांचा आणि भयकथा वाचणाऱ्यांचा. पेणचा एक मेडिकलवाला मुलगा, नागोठण्याची एक शिक्षिका, रोह्यातले दोघं-तिघं, मी आणि हे काका. कुणी काही पाहिलं, वाचलं, की मत टाकायचं आणि मग त्यावर दोन-तीन दिवस भांडायचं. तुला मी हे कसं समजावू म्हणून विचार करत होते, पण तुला समजवायची गरजच नाही. तुमच्या गणपतीच्या कारखान्यात दुसरं काय चालायचं?

मला ते दिवस आत्ता दिसतायत. गणपती होऊन गेलेत, कारखान्यात काम सैल आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तू मला घेऊन पेणच्या टॉकीजला दुपारच्या खेळाला निघाली आहेस. बाबा मिठागरावरून आलेत. जेवताना म्हणतात, “बाया देवाचा सिनेमा बघतात, हिला भूत लागतं.” तू त्यांच्या ताटात आमटी वाढतेस आणि म्हणतेस, “देव रोज रंगवते मी. सुट्टीला तरी दुसरं कोण नको?” टॉकीजमध्ये पंखा नाही, बाकड्यांना ढेकूण, आणि पडद्यावर एक बाई मेणबत्ती धरून बंद दारासमोर उभी आहे. ती उभीच आहे. वाद्यं वाजतायत, ती कडीला हात लावते, काढून घेते. मी तुझ्या पदरात तोंड लपवलेलं. आणि तू भर टॉकीजमध्ये ओरडतेस, “उघड गो एकदाचं!” सगळं टॉकीज हसलं होतं. मला लाजेने मेल्यासारखं झालं, आणि भीती कुठल्या कुठे गेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तुमची सभा. तू मूर्तींची पीतांबरं रंगवायचीस, पलीकडची मावशी दागिन्यांना सोनेरी लावायची, आणि हात चालू ठेवून तुम्ही त्या सिनेमाची चिरफाड करायचात. तुझी मतं वेगळीच असत. एवढा मोठा बंगला, बारा खोल्या, मग झाडलोट कोण करतं? भूत पांढरं लुगडं नेसतं तर ते मळत कसं नाही? आणि जवळजवळ प्रत्येक सिनेमानंतर तुझं एक वाक्य ठरलेलं: “ती भूतीण वाईट नव्हती गो. तिला काय झालं, ते कुणी विचारलंच नाय.” मावशीला हे पटायचं नाही. तिच्या मते भूत ते भूत, त्याच्या मनात शिरायचं कारण नाही. एकदा मालक मागून आले. म्हणाले, “देवासमोर बसून भुतांच्या गोष्टी करता, लाज वाटत नाय?” तू ब्रश खाली न ठेवता म्हणालीस, “देव हाय समोर, म्हणून तर करतो शेठ. घरी करायला भीती वाटते.” मालक हसू दाबत निघून गेले. मी शाळेतून येऊन कोपऱ्यात बसायचे, मातीचा गोळा वळत तुमचं ऐकायचे. आमच्या ग्रुपवर आज कुणी लांबलचक परीक्षण लिहितं, तेव्हा मला वाटतं, हे सगळं त्या बायकांनी रंग लावता लावता बोलून टाकलेलं आहे.

दहावी पास झाले तेव्हा तू एसटी स्टँडवरच्या दुकानातून मला भुतांच्या गोष्टींचं पुस्तक आणलंस. बाबांना वाटलं होतं तू घड्याळ आणशील. तुझं शिक्षण चौथीपर्यंत, जोडाक्षरांना अडखळायचीस, म्हणून पुस्तक माझं आणि ऐकणार तू. संध्याकाळी स्वयंपाकघरात तू भाकऱ्या थापायचीस आणि मी पाटावर बसून वाचायचे. शेवट जवळ आला की हात वर करायचीस, पीठ लागलेला. “थांब. आधी मी सांगते काय व्हनार.” तुझं सांगणं बहुतेक चुकायचं, आणि तुझाच शेवट जास्त चांगला असायचा.

मग ते पावसाळ्यानंतरचं पोटाचं दुखणं. मी नुकती रोह्याला कंपनीत लागले होते, पॅकिंगला. पनवेलच्या दवाखान्यातून तुला परत आणलं तेव्हा डॉक्टरांनी बाबांना आणि मामाला बाहेर बोलावून सांगितलं होतं. मामाने घरी आल्यावर मला अंगणात गाठलं. “अल्सर हाय म्हणून सांगायचं. दुसरा एक शब्द नाय.” सगळं घर तुझ्याशी गोड बोलायला लागलं. बाबांनी तर तुला आवडतात म्हणून खेकडे आणले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी स्वतःहून बाजारातून काही आणलं नव्हतं. तुझी खाट स्वयंपाकघराच्या दाराशी टाकली होती. मी चुलीवर वांग्याची भाजी टाकून तेच पुस्तक वाचत होते. तू हात वर केलास. मला वाटलं, शेवट सांगणार.

“तुला म्हाईत हाय ना गो?”

“काय?”

“त्या मेणबत्तीवाल्या बाईसारखं उभं करून ठेवलंय मला. तू तरी सांग.”

मी सांगितलं. किती वेळ हातात आहे, तेही विचारलंस. फार नाही, मी म्हटलं. मी रडायला लागले तसं म्हणालीस, “व्हय, रड. पण आधी भाजी बघ, खाली लागतेय.”

मामा त्यानंतर माझ्याशी बोलायचा बंद झाला. पण तू त्या महिन्यांत जे जे केलंस ते न सांगता झालं असतं का? बाबांना भात लावायला शिकवलंस. कारखान्यातल्या मावशीशी जुनं बिनसलं होतं ते मिटवलंस. आणि एक दिवस म्हणालीस, सिनेमा बघायचाय. शेजारच्या घरातून टीव्ही आणि भाड्याचा व्हिडिओ आणला, कारखान्यातल्या सगळ्या बायका भरदुपारी आपल्या ओटीवर दाटीवाटीने बसल्या, आणि तू उशीला टेकून त्यांच्याहून मोठा आवाज काढून ओरडलीस. सिनेमा संपल्यावर मावशी आणि तू असं भांडलात, असं भांडलात, की बाबा काळजीने आत डोकावून गेले.

तर हे कासूचे काका. त्यांच्या बोटांना आता कंप असतो, टाइप करता येत नाही, म्हणून ते बोलून पाठवतात. मागे कोंबड्या ओरडत असतात, मधेच गाडी जाते, आणि काका सांगत असतात, “तिकीट काढलंय तर भूत दाखवा. नुसतं दार वाजवून परत पाठवू नका.” माझं मत उलटं. मी म्हणते, भूत दिसलं की सिनेमा संपला. न दिसण्यातच भीती आहे. या एका मुद्द्यावर आम्ही कित्येक वर्षं भांडतोय. तू असतीस तर त्यांच्या बाजूने बोलली असतीस, आणि तुम्ही दोघांनी मला बोलू दिलं नसतं.

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला, काकांच्या बायकोचा. काकांना तेच झालंय, आई. तुझंच. मुलं पुण्याला, त्यांनी ठरवलंय की काकांना सांगायचं नाही. काकू म्हणाल्या, “तुमच्या त्या मंडळींना सांग, जरा सांभाळून बोला म्हणावं. मरणाबिरणाचं काय टाकू नका.” मी त्यांचं ऐकलं. काकांना न कळता एकेकाला फोन केला. फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी मला मामाचा अंगणातला चेहरा आठवत होता. पण मी तेव्हा विशीतली होते, आणि तू माझी आई होतीस. परक्याच्या घरात मी कोण सांगणार? आणि खरं तर मला परत त्या जागी उभं राहायचंच नव्हतं.

काल काकूंनी परत फोन करून बोलावलं. “ते धड जेवत नाहीत, तुझ्याशी बोलतील.” आज गेले तर काका पडवीत खुर्चीवर, शाल घेऊन, निम्मे झालेले. काकू चहा टाकायला आत गेल्या तशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

“ग्रुपवर सगळी माझ्याशी गोड का बोलायला लागलीत?”

“कोण गोड बोलतंय?”

“परवा मी त्या मेडिकलवाल्याच्या लाडक्या सिनेमाला भिकार म्हटलं. मुद्दाम. एरवी तो माझं टाळकं फोडायला आला असता. तर म्हणतो, बरोबर आहे काका, तुमचा अनुभव मोठा. तेव्हाच समजलो मी. आता तू सांग.”

मला हसू आलं. मी उठून आत गेले. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, काका ओळखून आहेत. तुम्हीच सांगा, मी बाजूला बसते. त्या नाही म्हणाल्या, दोनदा नाही म्हणाल्या. मुलांना काय सांगू म्हणाल्या. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला. चहा उकळून आटला, तो ओतून त्यांनी नवा टाकला. बाहेर येऊन कप काकांच्या हातात दिला, तो हलायला लागला म्हणून स्वतःच धरून ठेवला, आणि तसाच धरून सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं. इतक्या थोड्या शब्दांत मला नसतं जमलं.

काका ऐकून घेतल्यावर म्हणाले, “मुलांना बोलाव. ती शेताची कागदपत्रं बघून टाकू.” मग माझ्याकडे वळून, “आणि त्या पोरांना सांग, भांडा म्हणावं माझ्याशी. असं गोड बोललात तर मी आजच जाईन.”

मग त्यांनी नवीन आलेल्या सिनेमाचा विषय काढला. ग्रुपवर सध्या त्याचीच चर्चा आहे. काकांच्या मते शेवट उत्तम, कारण भूत समोर येऊन उभं राहतं. मी म्हटलं, तिथेच तर माती केली. ते म्हणाले, तुला सिनेमा कळत नाय. मी म्हटलं, तुम्हाला आयुष्यात तिकिटाच्या पलीकडे काही दिसलं नाही. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या, की आजारी माणसाशी ही अशी बोलते! काकांना खोकला येईपर्यंत आम्ही भांडलो. आणि मग काकूच मधे म्हणाल्या, “त्या पोरीनं पहिल्याच दिवशी घर सोडायला हवं व्हतं. मी तर नाय राहिले असते.”

काका चकित. “तू कधी बघितलास?”

“तुम्ही लावता की रोज. भाकऱ्या भाजताना मला काय कान नाहीत? आणि दार उघडंच असतं.”

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी काकूंना कधी सिनेमाबद्दल मत विचारलं नव्हतं. आता विचारलं. त्या पदराशी चाळा करत सांगत बसल्या, आणि मी माझी पिशवी उचलून निघाले. दोघांनाही फारसं कळलं नाही. स्टेशनवर गाडीला उशीर होता. मी बाकावर बसून ग्रुपवर सगळ्यांना एकच निरोप टाकला, की काकांना सारं कळलंय, आता सोडू नका त्यांना. गाडी येईपर्यंत मेडिकलवाल्याने काकांच्या आवडीच्या सहा सिनेमांची लक्तरं काढली होती, आणि काकांचा तीन मिनिटांचा संतापलेला आवाज येऊन पडला होता. मागे काकू काहीतरी दुरुस्त करत होत्या.

आता पुन्हा फोन वाजतोय. काकांनी मला विचारलंय, शेवटाच्या आधीच्या प्रसंगाबद्दल माझं काय म्हणणं आहे, नीट मुद्देसूद सांग. काय सांगू त्यांना? हे पान मी पाठवणार कुठे, आणि पाठवलं तरी तुला वाचून दाखवायला तिथे कोण असणार? म्हणून तुला सांगून टाकते. तो सिनेमा मी पूर्ण पाहिलेलाच नाही, आई. शेवटावर आज जे काही बोलले, ते सगळं इतरांनी ग्रुपवर लिहिलेलं होतं. मी अर्ध्यातच बंद केला. भुतामुळे नाही. त्यातली आई आजारी होती, आणि तिची मुलगी तिला पुस्तक वाचून दाखवत होती.